तीन लेन केल्या तर जाम होणारच का?

वर कुणीतरी म्हटलंय की रस्त्याच्या चार लेनच्या तीन केल्या की जाम होणारच, ते सांगायला कन्सल्टंट कशाला पोसायचा. कन्सल्टंटबद्दल अर्धं पटतं, पण अमेरिकेत हा रोड डायटचा (म्हणजे रस्त्याच्या लेन कमी करण्याचा) प्रकार बरीच वर्षं चालू आहे आणि तिथल्या फेडरल हायवे खात्याचे आकडे आहेत, डिव्हायडर नसलेला चारपदरी रस्ता तीनपदरी केला (येणारी एक, जाणारी एक आणि मधली फक्त वळणाऱ्यांसाठी) तर अपघात 19 ते 47 टक्के कमी होतात. कारण साधं आहे हो, तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे डावीकडे वळणारा आतल्या लेनमधे थांबून राहतो, मागचा एकतर ठोकतो नाहीतर लेन बदलायला जाऊन बाजूच्याला घासतो. म्हणजे ती लेन तशीही धड वाहत नसतेच! आणि पायी ओलांडणाऱ्याचे तर हालच, पहिल्या लेनमधला भला माणूस थांबतो आणि त्याच्या आडून दुसऱ्या लेनमधला सुसाट येतो, हे आपल्याकडेही रोज बघतोच की.

दिवसाला साधारण 20 हजार गाड्यांपर्यंत हे जमतं, त्यावर गेलं की नीट तपासूनच करावं लागतं. कन्सल्टंटने मोजायचंय ते हेच, किती गाड्या, कुठे वळतात, बस कुठे थांबते. बाकी नवीन डांबर टाकतानाच पट्टे वेगळे मारले तर खर्चही फार येत नाही, अहवालाचंच बिल जास्त व्हायचं :)