मदत हवी आहे: चोर्ल्याच्या चढाला जुनी टर्बो डिझेल मधूनच दम सोडते. पंप, टर्बो की आणखी काही?

जांबोटीकर:

नमस्कार मंडळी. गाडी २००८ ची, केए-२२ पासिंग. अडीच लिटरचे कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, जादा दाबाचे डिझेल देणारे) टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा असलेले) डिझेल इंजिन, सात-आठ माणसे बसतील अशी. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या काळातल्या बहुतेक कॉमन रेल गाड्यांची रचना सारखीच आहे आणि मला हवी आहे ती तपासण्याची पद्धत. पंधरा वर्षे झाल्यावर रीतसर तपासणी करून नोंदणी वाढवून घेतली आहे. इंजिन ऑइल खात नाही, थंडीत पहिल्या सेल्फला उठते, सपाटीला अजून नवीसारखी पळते.

तक्रार बेळगाव-गोवा वाटेवरच्या चोर्ला घाटाच्या चढाची आहे. वडिलांना तपासणीसाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला न्यावे लागते. जाताना सगळा उतार, त्यामुळे काहीच जाणवत नाही. परत येताना साखळी, केरी झाले, अंजुणे धरण मागे पडले आणि घाट लागला की थोड्या वेळाने खेळ सुरू होतो. तिसऱ्या गिअरमध्ये चांगली चढत असते आणि एकाएकी टर्बो काढून ठेवल्यासारखी होते. पाय पूर्ण दाबला तरी आरपीएमचा काटा १८०० च्या वर जात नाही. झटके नाहीत, इंजिन बंद पडत नाही, काळा धूर नाही, नुसती ताकद जाते. चेक लाइट कधी लागतो, कधी नाही. बाजूला घेऊन चावी बंद करून पुन्हा चालू केली की पूर्ववत. मग चोर्ला गाव, कणकुंबी करत घरापर्यंत कधी सुरळीत येते, कधी पुन्हा तेच.

निपाणीच्या अलीकडच्या तवंदी घाटातही हा प्रकार झाला आहे, पण तो चढ लहान असल्याने संपून जातो. चोर्ल्यात मागे बस असते, वळण आंधळे असते, पावसात धुके उतरलेले असते. तिथे गाडीने असा दम सोडणे म्हणजे जिवाशी गाठ आहे, म्हणून हे अंगावर काढायचे नाही असे ठरवले आहे.

आतापर्यंत केलेले काम: एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे, इजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काढून साफ, इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) दोन्ही होजच्या क्लिपा बदलल्या. एका ठिकाणी स्कॅनर लावला तेव्हा पी ००८७ हा कोड निघाला, म्हणजे रेलमधला दाब कमी. तिथे सांगितले, हाय प्रेशर पंप गेला, बदला. दुसऱ्या ठिकाणचे मेस्त्री अनुभवी आहेत. आत गेलो की हाक मारतात, 'काय वो, परत दम सोडूलाली काय?' त्यांचे म्हणणे टर्बोवर आहे, चढालाच होते म्हणजे टर्बोच. दोघांवरही माझा विश्वास आहे. पण दोन्ही वस्तू इतक्या महाग आहेत की अंदाजावर एक बदलून बघू, नाही तर दुसरी, हे परवडणारे नाही.

माझा प्रश्न असा: गाडी गॅरेजमध्ये असताना दोष दिसत नाही, तो फक्त घाटात दिसतो. मग दोष डिझेलच्या बाजूचा आहे की हवेच्या, हे घाटातच ठरवता येईल अशी एखादी खूण किंवा चाचणी आहे का?

निपाणीकर:

दादा, माझी टुरिस्ट गाडी आहे, हायवेवरच आयुष्य चाललंय. अशाच तक्रारीला माझ्या गाडीत टर्बोच्या ॲक्च्युएटरकडे (टर्बोचा जोर कमी-जास्त करणारा भाग) जाणारा व्हॅक्युमचा बारीक पाईप उष्णतेने चिरला होता. पाच मिनिटांचं काम. टर्बोला हात लावायच्या आधी ते पाईप सगळे हाताने वाकवून बघा, कडक झालेला असेल तर तिथंच तडकतो. एअर फिल्टरपासून टर्बोकडे येणारा मोठा रबरी होजही बघा. जुना झाला की आतून थर सुटतो आणि पूर्ण दाबल्यावर ओढीने चपटा होतो. गाडी उभी असताना तो अगदी गोल दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

संकेश्वरचा पंपवाला:

नमस्कार. पंप-नोझलच्या कामात माझे बरेच आयुष्य गेले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, पी ००८७ म्हणजे 'पंप गेला' असे नव्हे. ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) जेवढा दाब मागितला तेवढा रेलमध्ये मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो चार कारणांनी कमी पडतो. पंपापर्यंत डिझेल पोचत नसेल, पंप झिजला असेल, पंपावरचा, डिझेल मोजून सोडणारा मीटरिंग व्हॉल्व्ह अडकत असेल, किंवा इंजेक्टर आतून गळून डिझेल रिटर्नला परत जात असेल. झिजलेला पंप आणि गळके इंजेक्टर सहसा स्टार्टिंगलाच त्रास देतात, त्यातही इंजिन गरम असताना. तुमची गाडी पहिल्या सेल्फला उठते. गरम असताना उठायला वेळ लावते का, ते कळवा.

दुसरी गोष्ट धुराची. हवा कमी पडली तर काळा धूर आणि डिझेल कमी पडले तर धूर नाही, हा जुना नियम मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांना चोख बसतो. तुमच्या गाडीत एअरफ्लो सेन्सर असेल तर हवा कमी झाल्यावर ईसीयू डिझेलही आखडते, आणि धूर दिसत नाही. म्हणून धूर नाही एवढ्यावर टर्बोला निर्दोष सोडू नका.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. चावी बंद-चालू केल्यावर बरी होते, यावरून सगळे म्हणतील की ईसीयू लिंप मोडला जाते, म्हणजे दोष दिसला की ताकद मुद्दाम कापते. असेलही. पण चावी बंद करता तेव्हा डिझेलची ओढही थांबते, आणि टाकीतल्या जाळीला चिकटलेला कचरा सुटून खाली पडतो. मोरीच्या जाळीवर पान बसावे आणि पाणी थांबले की सरकावे, तसे. दोन्ही दोष एकाच उपायाने बरे झालेले दिसतात. ते वेगळे करायचे तर दम गेला की सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, पण चावी बंद करू नका. दोन-तीन मिनिटे आयडलिंगला राहू द्या आणि मग पुन्हा चढवा. ताकद आपोआप परत आली तर संशय डिझेलच्या पुरवठ्यावर. जशीच्या तशी मेलेली राहिली आणि चावी फिरवल्यावरच सुधारली, तर ईसीयूने मुद्दाम ताकद कापली आहे, मग बूस्टच्या (टर्बोच्या हवेच्या दाबाच्या) मागे लागा.

त्याच वेळी टाकीचे झाकण उघडा. जोरात फुस्स करून हवा आत ओढली गेली तर टाकीचा श्वास कोंडला आहे. आपल्याकडे व्हेंटच्या नळीत चिखल बसतो, कुंभारमाशी मातीचे घरही करते.

आणि एक कळकळीची विनंती. जुन्या गाड्यांत चालू इंजिनावर नोझलचा नट ढिला करून सिलेंडर तपासायची आपल्या मेस्त्रींना सवय आहे. कॉमन रेलवर ते कुणालाही करू देऊ नका. आयडलिंगलाच तिथे तीनशे बारच्या आसपास दाब असतो, चढाला हजाराच्या वर. ती धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमवावे लागू शकते.

जांबोटीकर:

संकेश्वरच्या अण्णा, मनापासून आभार. गरम असताना स्टार्टिंगला अजिबात त्रास नाही. निपाणीकर दादांनी सांगितलेले पाईप मेस्त्रींनी पाहिले, एक कडक झाला होता तो बदलला. मोठा होज आतून चांगला आहे.

चाचणी केली. भावाला बरोबर घेतले होते, वडील गाडीत नव्हते. चोर्ल्यात नेहमीच्या टप्प्यात दम गेला. एका रुंद वळणावर बाजूला घेतली, इंडिकेटर लावून आयडलिंगला ठेवली. भावाने झाकण उघडले, फुस्स वगैरे काही नाही. मग चावी न फिरवता निघालो आणि गाडी पहिल्यासारखी उचलली. पुढे पुन्हा तेच झाले, पुन्हा आयडलिंगवर सुधारली. चेक लाइट एकदाही लागला नाही.

म्हणजे आता टाकी खोलायची का? मेस्त्री म्हणतात, डिझेल फिल्टर नवाच आहे, मग कचरा कुठला?

संकेश्वरचा पंपवाला:

फिल्टर नवा असला तरी तो जाळीच्या पुढे आहे. जाळी टाकीत, सक्शन पाईपच्या तोंडाशी असते, तिच्यापर्यंत सर्व्हिसिंगमध्ये कुणी जात नाही. तुम्ही काढलेला जुना फिल्टर अजून गॅरेजमध्ये पडला असेल तर करवतीने कापा आणि कागद उलगडून बघा. तांबूस कण असतील तर गंज, काळा बुळबुळीत थर असेल तर डिझेलमध्ये बुरशी. टाकीच्या तळाशी पाणी साचले की पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर ती वाढते. खानापूर तालुक्याच्या पावसात, अर्ध्याहून रिकामी टाकी घेऊन गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली तर टाकीतल्या हवेचा दमट ओलावा तळाला जमतोच.

टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळीही पाहा. या बाजूला पंप डिझेल ओढतो, ढकलत नाही. त्यामुळे इथे चीर गेली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळे कोरडे दिसते आणि माणूस फसतो. पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक, डिझेलला चालणारी नळी तात्पुरती जोडून रेस करा, बुडबुडे दिसले की कळले.

खानापूरचा मास्तर:

एक भर घालतो. टाकी साफ केल्यावर स्कॅनरवर नुसते कोड वाचून थांबू नका. लाइव्ह डेटात (गाडी चालू असतानाच्या आकड्यांत) मागितलेला रेल दाब आणि मिळालेला रेल दाब शेजारी ठेवून चढ चढा. २०१० च्या आधीच्या गाडीला स्वस्तातले ब्लूटूथ यंत्र बरेचदा ओळखतच नाही, तेव्हा गॅरेजचा स्कॅनर मागून घ्या. मॅप सेन्सरही (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) तपासून होईल: चावी ऑन, इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर असल्याने इथे तो ९२-९३ किलोपास्कल येईल, पणजीत १०१ च्या जवळ. इथे १०१ दाखवत असेल तर सेन्सर खोटे बोलतोय.

जांबोटीकर:

मंडळी, उत्तर मिळाले.

जुना फिल्टर कापला. कागदावर काळा, शेवाळासारखा चिकट थर. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये टाकी उतरवली. तळाशी पाणी, आणि सक्शनच्या जाळीचा निम्म्याहून अधिक भाग त्याच काळ्या थराने बुजलेला. सपाटीला जेवढे डिझेल लागते तेवढे उरलेल्या जागेतून येत होते. चढाला मागणी वाढली की ओढीने तो थर पूर्ण जाळीवर बसायचा. आयडलिंगला ओढ कमी झाली की सुटायचा. दोन्ही मेस्त्री ती जाळी हातात घेऊन पाहत होते, त्यांनाही एवढ्यावर भागेल असे वाटले नव्हते.

टाकी धुऊन उन्हात पूर्ण वाळवली, जाळी साफ केली, रबरी नळ्यांचे तुकडे नवे टाकले, डिझेल फिल्टर पुन्हा नवा. मॅप सेन्सर चावी ऑनला ९२ दाखवतो. वडिलांना घेऊन बांबोळीला जाऊन आलो. परतीला केरीपासून कणकुंबीपर्यंत भाऊ स्कॅनर मांडीवर घेऊन बसला होता. रेल दाबाचे दोन्ही आकडे पूर्ण चढभर जोडीने चालले. पंप आणि टर्बो दोन्ही जुनेच आहेत.

अण्णा, एकच विचारायचे राहिले. रिटर्न लाइनमध्ये आणि पाइपांत थोडा थर उरला असेलच, तर हा नवा फिल्टर किती किलोमीटरवर काढून बघू? आणि बुरशीचे औषध टाकीत घालणे तुमच्या अनुभवात उपयोगी पडते का?

संकेश्वरचा पंपवाला:

हजार किलोमीटरच्या आत काढा, कापा, बघा. स्वच्छ निघाला तर पुढचा नेहमीच्या मुदतीला. टाकी धुऊन वाळवली असेल तर औषधाची गरज नाही, आणि टाकी न धुता नुसते औषध घातले तर मेलेला थर सुटून थेट फिल्टरवर येतो, गाडी घाटातच उभी राहते. पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा आणि फिल्टरखालचा पाण्याचा नळ महिन्यातून एकदा सोडा.