बोकड धष्टपुष्ट, पण शेळ्या उलटतायत. नक्की कुठे बघू?

ऐरोलीकर_शेळीवाला
नमस्कार मंडळी. राहायला ऐरोलीत, नोकरी महापेला, पण मुरबाडच्या पुढे सासऱ्यांच्या जागेत वीस-पंचवीस शेळ्या टाकल्यात, रोजचं बघायला बायकोचा मामा असतो आणि मी शनिवार-रविवार. मेच्या शेवटी धाराशिवकडून उस्मानाबादी बोकड आणलाय, दीड वर्षाचा, बिनशिंगी, एकदम देखणा, येणारा-जाणारा फोटो काढतो. शेळ्यांवर उडतो पण व्यवस्थित, त्यात काही कमी नाही. पण शेळ्या लागतच नाहीत हो, गाभण राहत नाहीत, उलटतात, म्हणजे २०-२१ दिवस झाले की परत माज, परत रात्रभर ओरडा. मामा म्हणतो शेळ्यांना मिनरल मिक्श्चर कमी पडतंय, ते चालू केलं, जंताचं झालं, फरक शून्य. बोकडाला खुराक भरपूर आहे, गव्हाचा कोंडा आणि मक्याचा भरडा दोन्ही टाईम. टेम्पोतून आल्यावर आठवडाभर ताप होता, इंजेक्शनं देऊन उतरला. शेड पत्र्याची. शेळ्यांना अजून काय देऊ?

शहापूर_गोठा
भाऊ, दोन-चार शेळ्या उलटल्या तर शेळीत बघायचं, अख्खा कळप उलटतोय म्हणजे बोकडात बघा. उडतो म्हणजे फळवतोच असं नाय, उडायची गरमी वेगळी आणि बीज वेगळं. आधी त्याला उभा धरून मागून हात घाला. दोन्ही अंडी सारखी आहेत का, पिशवीत सुटी हलतात का, कच्च्या पेरूसारखी टणक लागतात का ते बघा. खालच्या टोकाला एक गाठीसारखा उंचवटा लागतो, तो असायलाच पाहिजे, तयार बीज तिथेच साठतं. एकच अंड उतरलेलं असेल तर पैदाशीला ठेवूच नका, गाभ राहील पण तीच खोड पोरांत उतरते. आमच्या इकडे बाजारात लोक दात बघतात, वजन बघतात, शिंगं बघतात, पिशवीला कोणी हात लावत नाही. लाजतात की काय देव जाणे.

घणसोलीचा_भाचा
मामाच्या खुराकाकडे पण लक्ष द्या 😄

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक
ऐरोलीकर, तुमच्या पोस्टमध्ये उत्तर आहे, मे महिना, टेम्पो, ताप, पत्रा. वृषणं पोटाबाहेर लोंबतात ती उगीच नाही, बीज तयार व्हायला शरीरापेक्षा साधारण ४-५ अंश थंड जागा लागते. वरून येणारं गरम रक्त शिरांच्या जाळ्यातून जाताना थंड होतं, उकाड्यात पिशवी सैल पडते, थंडीत वर ओढली जाते. आठवडाभर ताप राहिला आणि वर पत्रा तापतोय, मग ही व्यवस्था कोलमडते, तयार होत असलेलं बीज खराब होतं. आणि ताप उतरला म्हणून दुसऱ्या दिवशी चांगलं बीज येत नाही. एक बीज घडायला बोकडात साधारण सात आठवडे, मग वरच्या नळीतून खाली यायला अजून दहा-बारा दिवस, म्हणजे धरून चला दोन महिने. जूनमधला ताप ऑगस्टपर्यंत भोवतो. फार लठ्ठ बोकडाच्या पिशवीच्या मानेत चरबी साठते, तिनेही उष्णता कोंडते, तेव्हा तो खुराक आवरा.
एक महत्त्वाचं. अंडं सुजलेलं, दुखरं वाटलं किंवा कुठली शेळी गाभडली (गर्भ पडला) असेल तर ब्रुसेला या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासून घ्या. तो माणसालाही होतो, गाभडलेलं किंवा वार उघड्या हाताने उचलू नका आणि दूध उकळल्याशिवाय पिऊ नका.

कोनगावची_पाट
काकांनी कोंड्याचं सांगितलं म्हणून जोडते. कोंड्यात आणि धान्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, त्याने नरात मूतखडा होतो. बोकडाची मूत्रनळी आधीच इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली आणि शेवटी सुतासारखं बारीक टोक, खडा बरोबर तिथे अडकतो. कुंथतोय, शेपटी हलवतोय, थेंब थेंब मुततोय असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच डॉक्टर. पाला, वाळला चारा वाढवा, पाणी भरपूर ठेवा.
आणि दादा, बिनशिंगी म्हणालात म्हणून विचारते, शेळ्यांत पण बिनशिंगी आहेत का? बिनशिंगी नराला बिनशिंगी मादी लावली तर काही माद्या ना धड मादी ना नर अशा जन्माला येतात, पुढे गाभण राहतच नाहीत. दोघांपैकी एकाला तरी शिंगं हवीत. फोटोला देखणा ठीक आहे हो.

ऐरोलीकर_शेळीवाला
सगळ्यांचे आभार. रविवारी हात घालून बघितला, दोन्ही सारखी आहेत, सूज नाही, दुखत पण नाही, पण टणक अजिबात नाहीत, मऊच लागली. गाभडलेली कोणी नाही. बिनशिंगी शेळ्या सात-आठ निघाल्या, हे तर डोक्यातच नव्हतं. मग आता हा बोकड विकू का? मामा खाटकाला फोन लावायच्या तयारीत आहे.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक
मऊ म्हणजे ताप-उष्णतेचा मार बसलाय असंच दिसतं. लगेच विकू नका, पण शेळ्यांपासून वेगळा बांधा. पत्र्यावर पेंढा टाका, बाजूने वारा खेळू द्या. ऑगस्टच्या शेवटी डॉक्टरांकडून वीर्य तपासून घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल दिसते का तेवढं कळलं तरी पुरे. तेव्हाही मेलेलं निघालं तर मामाला फोन लावू द्या. तोवर शेजारचा बोकड आणणार असाल तर त्याचंही रक्त आधी तपासा. घाई तशी नाहीच, ऑगस्टअखेर लागल्या तर १५० दिवस धरून जानेवारीअखेर वेतील, करडं पावसात भिजणार नाहीत.

शहापूर_गोठा
आणि सोडाल तेव्हा त्याच्या छातीला गेरू तेलात कालवून लावा, दोन-तीन दिवसांनी परत. उडाला की शेळीच्या ढुंगणावर रंग उमटतो, तुम्ही शनिवारी आलात तरी कळतं कोणावर उडाला. तीन आठवड्यांनी रंग बदला, निळा घ्या. लाल असलेलीवर निळा चढला म्हणजे उलटली. बिनशिंग्या सात-आठ तेवढ्या बाजूला काढा, त्यांच्यासाठी माझा शिंगवाला घेऊन जा, रक्त तपासलेलं आहे, पैसे नकोत, पोचवायचं भाडं तेवढं तुमचं.