लसूणघासातली अमरवेल आणि बोरीवरची अमरवेल एकच आहे का?

शिवारवाट

नमस्कार. आमची शेती संगमनेर तालुक्यात आहे. यंदा दिवाळीनंतर लसूणघासाच्या एका वाफ्यात पिवळ्याधमक दोऱ्यांचे जाळे पसरलेले दिसले. बांधावरच्या बोरीवर गेली तीन-चार वर्षे अमरवेल आहे, त्यामुळे तीच खाली घासात उतरली असे घरात सर्वांनी धरून चालले आहे आणि वडील बोर तोडायला निघाले आहेत. मला मात्र दोन्ही वेली वेगळ्या वाटतात. बोरीवरची वेल सुतळीएवढी जाड आणि हिरवट पिवळी आहे, तर घासातली शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक आणि नारिंगीकडे झुकणारी आहे. गेल्या महिन्यात गुहागरच्या किनाऱ्यावर झुडपांवर तशीच एक हिरवी दोरी पाहिली आणि गोंधळ आणखी वाढला. आमच्याकडच्या दोन्ही वेलींना सध्या फुले आहेत. नक्की काय पाहिले म्हणजे यांची ओळख पटेल?

सागरगोटा

गुहागरची वेल आधी बाजूला ठेवू, कारण तुमच्या वर्णनावरून ती अमरवेलीच्या कुळातलीच नसावी. कोकणच्या किनाऱ्यावर अशी जी हिरवी दोरी दिसते ती बहुतेक वेळा कॅसिथा फिलिफॉर्मिस असते. ती दालचिनी आणि तमालपत्र यांच्या कुळातली आहे, तर अमरवेल म्हणजे कस्क्युटा ही रताळ्याच्या कुळातली आहे. दोघींनी पाने टाकून देऊन दुसऱ्याच्या अंगावर जगण्याची एकच रीत स्वतंत्रपणे उचलली, त्यामुळे त्या बहिणींसारख्या दिसतात. कॅसिथाचे खोड चिवट असते आणि चुरगळल्यास बहुधा मंद मसाल्यासारखा वास येतो. तिचे फळ मांसल, वाटाण्याएवढे आणि एकाच बीचे असते, तर अमरवेलीला लहान बोंड धरते. आपल्याकडे दोघींनाही आकाशवेल म्हणतात, त्यामुळे केवळ नावावर विसंबून चालत नाही.

भिंगातून

रंग, जाडी आणि कोणत्या झाडावर आहे या तीन गोष्टी सर्वांत आधी नजरेत भरतात, आणि ओळख चुकते तीही यांच्यामुळेच. ऊन, पाणी आणि यजमान झाड बदलले की रंग बदलतो. एकच जात डझनावारी झाडांवर चढते. जाडीचा थोडाफार उपयोग होतो, पण निर्णय फुलावर सोडावा. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमान यांनी 1859 मध्ये कस्क्युटा प्रजातीची विभागणी केली ती कुक्षीवृंत (अंडाशयावरचा बारीक दांडा) आणि कुक्षी (त्या दांड्याचे टोक) यांच्या आधारे, आणि आजही पहिली पायरी तीच आहे.

एक ताजे फूल घ्या, टाचणीने ते उभे चिरून उघडा आणि दहापट भिंगाखाली अंडाशयाच्या टोकाकडे पाहा. एकच अगदी आखूड कुक्षीवृंत असेल आणि त्यावर जिभेसारख्या लांबट दोन कुक्षी असतील, तर ती कस्क्युटा रिफ्लेक्सा, म्हणजे झाडाझुडपांवरची आपली नेहमीची मोठी अमरवेल. तिची पांढरी फुले या मंडळींत मोठी आणि सुगंधी असतात. उलट, सुटे दोन कुक्षीवृंत असतील, बहुधा एक लांब व एक आखूड, आणि प्रत्येकाच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी गोल कुक्षी असेल, तर तो दुसराच गट. शेतात उपद्रव करणारी कस्क्युटा कॅम्पेस्ट्रिस याच गटातली आहे. ती मूळची उत्तर अमेरिकेतली. तिला हे नाव ट्रुमन युंकर यांनी 1932 मध्ये दिले.

खरी कसोटी पुढे लागते, कारण कस्क्युटा चायनेन्सिस आणि कस्क्युटा हायलिना या जातींनाही दोन कुक्षीवृंत असतात. त्यासाठी पाकळ्यांच्या नळीत, पुंकेसरांच्या खाली पाहा. तिथे झालरीसारखे पातळ खवले नसतील तर ती हायलिना असते. तिची फुले पातळ आणि पारदर्शक दिसतात. खवले असतील तर निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांबाहेरचा निदलांचा घेर तपासा. चायनेन्सिसच्या निदलांच्या पाठीवर उभा, जाडसर कणा उठलेला असतो, कॅम्पेस्ट्रिसची निदले बोथट आणि सपाट असतात. बोंडे मिळाली तर शंका उरत नाही. चायनेन्सिसची वाळलेली पाकळी संपूर्ण बोंडाला वेढून बसते आणि बोंड बुडाशी गोल चिरून झाकणासारखे सुटते. कॅम्पेस्ट्रिसचे बोंड वरून थोडे चपटे असते, वाळलेली पाकळी त्याच्या खालच्या भागालाच चिकटलेली राहते आणि बोंड वेडेवाकडे फाटते.

फुले वाळली असतील तरी टाकू नका. कोमट पाण्यात काही वेळ भिजवली की ती पुन्हा उघडता येतात.

शिवारवाट

मनःपूर्वक आभार. काल दुपारी ओट्यावर बसून दोन्ही वेलींची फुले उघडली. बोरीवरच्या फुलाला खरोखरच मंद गोड वास आहे आणि आत एकच ठेंगणा कुक्षीवृंत आहे. घासातले फूल जेमतेम अडीच मिलिमीटरचे निघाले. पहिली चार फुले माझ्या हातून फाटली, पाचव्यात दोन कुक्षीवृंत आणि त्यांवरची दोन गोल टोके स्पष्ट दिसली. नळीच्या आत झालर आहे आणि निदलांवर कणा नाही. वाफ्याच्या कडेला काही बोंडे धरली आहेत, ती वरून दबलेली आहेत आणि वाळलेली पाकळी त्यांच्या बुडाशीच अडकली आहे. म्हणजे ही कॅम्पेस्ट्रिस असे म्हणता येईल ना? मग ही घासात आली कुठून?

भिंगातून

होय, इतक्या खुणा जुळल्यावर ती कॅम्पेस्ट्रिसच. बोरीचा यात काही दोष नाही.

घासवाला

माझ्याकडे वीस वर्षे दुभती जनावरे आहेत आणि लसूणघास कायम असतो, म्हणून अनुभवाने लिहितो. ही वेल बहुतेक वेळा घासाच्या बियाण्याबरोबरच येते. तिची बी घासाच्या बीपेक्षा लहान, पण चाळणीतून सहज वेगळी निघावी इतकी लहान नसते. तळहातावर दोन्ही पसरून पाहिल्यास फरक कळतो: घासाची बी गुळगुळीत आणि मूत्रपिंडाच्या आकाराची, अमरवेलीची खरबरीत आणि ओबडधोबड. या खरबरीतपणाचाच फायदा घेऊन बियाणे साफ करणाऱ्या कारखान्यांत लोखंडाची बारीक भुकटी लावतात. ती अमरवेलीच्या बीला चिकटते आणि चुंबकाने ती बी ओढून घेतली जाते.

तुमच्याकडे बोंडे धरू लागली आहेत, त्यामुळे आता दिवस मोजून काम करा. वेल ओढून काढू नका, कारण तुटलेला तुकडा शेजारच्या ताटात रस शोषणाऱ्या मुळ्या पुन्हा रोवतो. जाळे जिथपर्यंत पसरले आहे त्याच्या बाहेर हातभर अंतर सोडून घास जमिनीलगत कापा आणि तिथल्या तिथे वाळवून जाळा. तो घास जनावरांना घालू नका. अमरवेलीची बी पोटातून न पचता बाहेर पडते आणि शेणखताबरोबर सगळ्या शिवारात जाते. मातीत पडलेली बी दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकते. त्या वाफ्यात पुढची काही वर्षे ज्वारी, मका किंवा गहू घ्या, कारण गवतवर्गीय पिकांवर ती सहसा तग धरत नाही.

शिवारवाट

वडिलांना भिंगातून दोन्ही फुले दाखवली आणि बोर तोडण्याचे रद्द झाले. वाफा उद्या सकाळीच कापतो. शिल्लक राहिलेले बियाणेही आज ताटात पसरले; मूठभर बियांत अकरा खरबरीत बिया निघाल्या.