दारू सोडवायला घाटावर महिनाभर, की इथेच राहून ओपीडी?

खाडीपलीकडचा (धागा माझा)

आमच्याकडे दारू सोडवायची म्हणजे वाट ठरलेली. घरातले दोघे, एखादा मेव्हणा, भाड्याची गाडी, फोंडा घाट चढून वर एखाद्या केंद्रात महिनाभर ठेवून यायचं. धाकट्या भावाला आम्ही असं दोनदा सोडलं. दोन्ही वेळा छान होऊन आला. गाल भरलेले, पहाटे प्राणायाम, आईच्या पाया पडणं. पहिल्या वेळी अकरा दिवस टिकला. दुसऱ्या वेळी मासेमारी बंदीच्या दिवसांत आला म्हणून ३१ जुलैपर्यंत. १ ऑगस्टला बोटी पाण्यात गेल्या. हा खलाशी, उचल आधीच घेतलेली. पहिल्याच फेरीहून आला तो दोघांच्या खांद्यावर.

तिसऱ्या वेळी सरकारी ओपीडीत नेला. तत्त्व वगैरे काही नाही, पैसे संपले होते. तिथल्या मानसोपचार डॉक्टरांनी दारूबद्दल नंतर विचारलं, आधी झोपेबद्दल. बाबा गेल्यापासून चार वर्षं हा माणूस पहाटे तीनला जागा होत होता आणि ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. औषधं दोन्हीची सुरू झाली, दारूची आणि उदासीची. आणि डॉक्टर म्हणाले, काही महिने बंदरावर राहू नकोस. म्हणून कणकवलीला मावशीच्या माळ्यावर त्याची सोय केली. दिवसा काजू फॅक्टरीत काम, ठरल्या दिवशी ओपीडी, आठवड्याला एक एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना धरून राहणारा गट) मिटिंग. चौदा महिने झाले.

नंतर वाचलं की अमेरिकेत या प्रकाराची रीतसर घडी बसलेली आहे. घरी किंवा बाहेर राहून आठवड्याला किमान ९ तासांचे उपचार, आणि ज्यांचं घरच दारूत बुडालेलं आहे त्यांच्यासाठी नशामुक्त घर. १९७५ मध्ये मेरीलँडमध्ये सुरू झालेल्या ऑक्सफर्ड हाउसमध्ये वॉर्डन नसतो. राहणारेच भाडं वाटून भरतात, कामं वाटून घेतात, आणि जो प्यायला तो बाहेर.

आपल्याकडे २०१९ च्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलेतरी उपचार मिळाले होते. दाखल होऊन उपचार तर १८० जणांत एकाला. खाटा वाढवून वाढवून किती वाढवणार? माझं म्हणणं, नवी निवासी केंद्रं काढण्यापेक्षा प्रत्येक तालुक्याला नियमित ओपीडी आणि जवळ अशा चार-दोन खोल्या द्या.

कलमी आंबा

भाऊ बरा झाला, आनंद आहे. पण एका भावावरून धोरण ठरत नाही. पिणाऱ्याला ओपीडीत पाठवायचं म्हणजे एसटीचे पैसे हातात द्यायचे. स्टँड ते हॉस्पिटल या रस्त्यावर किती बार आहेत ते मोजा आणि मग बोला. माझ्या बागेतला एक गडी ओपीडीचा कागद खिशात घालून बारमध्येच सापडला होता. शपथ सांगतो, कागदावर त्याच दिवसाचा शिक्का होता!

माणूस तिथून उचलल्याशिवाय सुटत नाही. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून निवासी पद्धतीनेच चाललंय, पुलं आणि सुनीताबाईंनी उगाच पैसे दिले नाहीत त्याला.

खाडीपलीकडचा

मुक्तांगणबद्दल आदरच आहे. पण तेही बाहेर पडल्यावर पाठपुरावा ठेवतात, नातेवाइकांशी बोलतात. आम्ही ज्या केंद्रात दोनदा गेलो तिथून महिना संपल्यावर एक फोनसुद्धा आला नाही. आणि तुमचा गडी शिक्का घेऊन बारमध्ये गेला, तो महिनाभर ठेवून आणला असता तर कुठे गेला असता?

वॉर्ड नं. ३

सत्तावीस वर्षं नर्स होते, म्हणून मध्ये पडते.

आधी एक गोष्ट दोघांनी डोक्यात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांनी भ्रम. भिंतीवर मुंग्या दिसतात, माणूस बोट सुटली म्हणून पळतो. याने जीव जातो. ज्याला आधी असं झालंय, ज्याचं लिव्हर गेलंय, ज्याच्या बरोबर रात्री जागं राहणारं माणूस नाही, त्याला ओपीडीत गोळ्या देऊन घरी पाठवायचं नाही. त्याला काही दिवस दाखल करायचंच. बाकीच्यांचं घरी राहूनही उतरवता येतं, रोज कुणीतरी बघणार असेल तर. त्यामुळे 'हे की ते' हा प्रश्नच मला नीट वाटत नाही. दाखल व्हायचं ते शरीरासाठी आठ-दहा दिवस. पुढचं वर्ष कुठे काढायचं, हा वेगळा प्रश्न.

आणखी एक. थरथरणाऱ्या माणसाला गावात नेऊन 'ग्लुकोज चढवा' म्हणतात. बी-१ जीवनसत्त्व आधी न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आणि जेवणात न सांगता घालायची ती 'दारू सोडवणारी पावडर', ती कृपा करून आणू नका. त्यात डायसल्फिराम असेल आणि वर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळतो. हे औषध वाईट नाही, पण घेणाऱ्याला माहीत असायला हवं.

कलमी आंबा

ताई, हे सगळं मान्य. पण आमच्या तालुक्याला मानसोपचार डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. तिकडे आठवड्याला ९ तास म्हणताय, इकडे दहा मिनिटं आणि गोळ्यांची पट्टी. याला उपचार म्हणायचं?

पेडण्याची सून

डॉक्टरच लागतो असं नाही. आमच्या गोव्यात संगाथ या संस्थेच्या लोकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रयोग केला, २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टर नसलेल्या, साध्या प्रशिक्षित माणसांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी काही बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर होते, नुसत्या नेहमीच्या उपचारात २६ टक्के. वर्षाने हा फरक आणखी वाढला. माड तेच, समुद्र तोच, माणसं सारखीच. पत्रादेवीचा हद्दीवरचा नाका ओलांडला की हे चालणार नाही असं काही आहे का?

वॉर्ड नं. ३

चांगलं काम आहे ते, पण पुढचंही सांगा ना. तो प्रयोग धोक्याइतकी पिणाऱ्यांवर होता. पूर्ण आहारी गेलेले त्यात घेतले नव्हते. सकाळी उठून हात कापतात म्हणून पिणारा माणूस त्या ३६ टक्क्यांत नाही. खाडीपलीकडच्यांच्या भावाला आठ-नऊ वर्षांपूर्वी कुणी असं आरोग्य केंद्रात बसवून बोललं असतं, तर मात्र गोष्ट वेगळी.

पेडण्याची सून

बरोबर. हे लिहायचं राहिलं.

सातवा पावसाळा

मी स्वतः पिणारा. सात वर्सां झाली, थेंब घेतलंय नाय.

नशामुक्त घर ऐकायला बरं वाटतं. अमेरिकेत शहर मोठं, शेजारी कोण कुणाला पुसत नाही. आमच्या वाडीत चार पिणारे एका घरात ठेवलेत तर आठवड्यात त्याचं नाव 'बेवड्यांची खोली' पडेल. पोरं दगड मारतील, आणि मालक गणपतीआधी खोली रिकामी करून मागेल. ओपीडीचंही तेच. आमच्याकडे 'ह्येका रत्नागिरीक पाठवा' म्हणजे वेडा झाला असं म्हणायची पद्धत, तिथे मनोरुग्णालय म्हणून. त्या पाटीखाली कोण उभा राहणार? मी तीनदा दारातून परतलो. आत गेलो ते एका हेल्पलाइनला फोन केल्यावर. तिकडच्या बाईने माझं गाव विचारलं नाही, म्हणून बोलता आलं.

आणि खरं सांगू, मी सोडली ती ना केंद्रात ना ओपीडीत. गावऱ्हाटीत देवाक गाऱ्हाणं घातलं, माळ घातली. गोळ्या घेतल्या त्या वर्षभराने, झोप लागेना म्हणून. पण शिमग्याला मी अजून गावात राहत नाही. बहिणीकडे चिपळूणला जातो. म्हणजे घर सोडायचं हे बरोबर, पण पाटी लावलेलं घर नको.

कलमी आंबा

म्हणजे शेवटी श्रद्धाच कामाला आली.

सातवा पावसाळा

श्रद्धा पण, गोळ्या पण, बहीण पण. तुम्हाला एकच का व्हया?

ओसरीवरून

मी सगळं वाचत होते, लिहिणार नव्हते. कुणी अजून विचारलं नाही म्हणून विचारते. खाडीपलीकडचे, मावशींचं काय?

तुमच्या धाग्यात डॉक्टर बोलले, तुम्ही बोललात, अमेरिका बोलली. माळा मावशीचा. सकाळची गोळी समोर उभं राहून देणारी तीच असणार. रात्री कडी वाजली की उठणारी तीच. वर सातवा पावसाळा यांची बहीण. माझे यजमान अकरा वर्षं असेच 'घरी राहून' बरे होत होते. म्हणजे मी नोकरी, मुलं, सासूबाई आणि त्यांची गोळी बघत होते. डॉक्टर मला म्हणाले, लक्ष ठेवा. माझी झोप कशी आहे ते मात्र अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही. ते महिनाभर केंद्रात होते तेवढेच दिवस मी रात्री सलग झोपले. म्हणून मला निवासी केंद्र हवं. त्यांच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात सरकारने हाफ-वे होम (इस्पितळातून सुटल्यावर घरी जाण्याआधी काही काळ राहायची घरं) द्यायची असं लिहिलंय, आणि दारूमुळे होणारे मानसिक त्रास त्याच कायद्यात बसतात. ती घरं आमच्या वाट्याला आली नाहीत, म्हणून मावश्या आहेत.

कलमी आंबा

वहिनी, माझ्या बाजूने बोललात, तरी मला आवडलं असं म्हणवत नाही.

वॉर्ड नं. ३

पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन या गटाच्या मिटिंग असतात, ताई. पण मी हे लिहिलं म्हणजे तुमचा प्रश्न सुटला असं नाही, कळतंय मला. आम्ही वॉर्डातसुद्धा बायकोलाच तक्ता भरायला बसवायचो.

खाडीपलीकडचा

ओसरीवरून, उत्तर द्यायला दोन दिवस लागले. तुमचा प्रश्न घेऊन कालच कणकवलीला गेलो होतो.

मावशीला विचारलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा, हे लिहितानाही लाज वाटते. आधी हसली. मग म्हणाली, पहिला महिना ती आपल्या खोलीला आतून कडी घालून झोपायची आणि चावीचा जुडगा उशाखाली. एकदा तो रात्री दोनला खाली आला तेव्हा तिने कोयता हाताशी घेतला होता. त्याला पाणी हवं होतं. हे भावालाही माहीत नव्हतं, तो तिथेच बसला होता, मान खाली घालून ऐकत होता.

पुढे पाठवायचा का परत घरी, असं विचारलं, तर नको म्हणाली. राहू दे. पण मग मी ऑक्सफर्ड हाउसचं सांगितलं, राहणारेच भाडं भरतात ते. ते मात्र तिने नीट ऐकून घेतलं.

"त्येका पयल्या म्हयन्यापास्ना भाडां लावूक व्हया होतां."

भावाने खिशात हात घातला. दीड हजार ठरले, महिन्याच्या पाच तारखेला. आणि माळ्याचं गळणारं कौल पावसाआधी तोच बदलणार.