दारू सोडण्यासाठी अफूच्या व्यसनावरची गोळी का देतात?

प्रश्न
माझे थोरले बंधू गेली पंधरा वर्षे रोज दारू पितात. मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना नाल्ट्रेक्सोनची ५० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली असून ती उद्या सुरू करायची आहे. हे औषध अफू-हेरॉइनच्या व्यसनावर देतात, असे दुकानदाराकडून कळल्यापासून वहिनी धास्तावल्या आहेत. दारूचा अफूशी संबंध काय?

प्रतिसाद १
वहिनींची शंका रास्त आहे, कारण अमेरिकेत १९८४ साली या औषधाला पहिली मान्यता मिळाली ती अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनासाठीच. दारूसाठीची मान्यता १९९४ सालची आहे. दारू प्यायल्यावर मेंदू स्वतःचेच एंडॉर्फिन, म्हणजे अफूसारखे काम करणारे रसायन, सोडतो आणि ते म्यू नावाच्या ओपिऑइड रिसेप्टरांवर, म्हणजे अफूतले मॉर्फिन पेशींवर जिथे बसते त्याच जागी, जाऊन बसते. डोपामाइन हे ‘पुन्हा हवे’ असे वाटायला लावणारे रसायन सोडणाऱ्या पेशींना एरवी आवरून धरणाऱ्या पेशी त्यामुळे ढिल्या पडतात, डोपामाइन वाढते आणि पुढच्या पेगची ओढ लागते. नाल्ट्रेक्सोन ती जागा आधीच अडवते, पण स्वतः नशा आणत नाही. म्यू रिसेप्टर नसलेल्या उंदरांनी प्रयोगात दारूकडे पाठ फिरवली, हा मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

प्रतिसाद २
मी ही गोळी आठ महिने घेतली. सुरुवातीला मळमळ झाली. महिनाभराने एका लग्नात पेग हातात घेतला, पण दोन घोटांनंतर तो तसाच राहिला आणि बर्फ विरघळून ग्लासाखालचा कागद भिजला, तरी तो उचलावासा वाटला नाही. दारू चढत मात्र होती, त्यामुळे गोळी घेतली म्हणून पिऊन गाडी चालवता येते, असे कृपया कोणी समजू नये.

प्रतिसाद ३
मी औषधविक्रेता आहे. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक असलेले औषध चालू असताना ही गोळी घेतल्यास वेदनाशामकाचा परिणाम नाहीसा होतो आणि शरीराला त्याची सवय झालेली असल्यास एकाएकी तीव्र त्रास सुरू होतो, म्हणून ती औषधे साधारण सात ते दहा दिवस आधी बंद असावी लागतात. शिवाय रोजची दारू अचानक थांबवल्यावर येणारी थरथर किंवा फिट या गोळीने टळत नाही. त्यासाठी वेगळे उपचार लागतात. यकृताची तपासणीही करून घ्यावी.

प्रश्नकर्ता
सर्वांचा मनापासून आभारी आहे. बंधूंच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी आत्ताच पाहिली, तर तिच्यावर ट्रॅमाडॉल लिहिलेले आहे. डॉक्टरांना फोन केल्याशिवाय उद्याची गोळी देणार नाही.