मोठी मैफल की महिन्याची बैठक?

लष्करकर:
परवा आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाची वार्षिक सभा हमरीतुमरीवर गेली. मंडळ लहान. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बैठक, रविवारी मुलांचा गाण्याचा वर्ग, गणपतीत दोन नाट्यप्रवेश, एवढाच पसारा. आता काहींचं म्हणणं, बैठका बंद करा, वर्गणी साठवून वर्षाकाठी एकदा पुण्या-मुंबईचा नामवंत गवई आणा. मला पटत नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशींकडून इथली तालीम घेऊन गेले, तेव्हा कुठे ही गायकी महाराष्ट्रात रुजली. आणि आता ग्वाल्हेरनं गवई पुण्याहून मागवायचा? तुमचं मत सांगा.

दौलतगंज_जुना:
बाळकृष्णबुवा पुरे करा हो. मागच्या बैठकीला एकोणीस माणसं होती, त्यांतली चार गाणाऱ्याच्या घरची. सतरंजीवर मांडी घालणं साठीनंतर जमत नाही आणि येणारे सगळे साठीपुढचे. २०२३ मध्ये युनेस्कोनं शहराला संगीतनगरी म्हटलं, आपण मात्र अजून पेटीच्या भात्याला चिकटपट्टी लावतोय. एक मोठं नाव आणा, हॉल भरेल, वर्गणीदार वाढतील.

षड्जपंचम:
मोठी नावं डिसेंबरात इथल्या तानसेन समारोहात येतातच, तीही फुकट. तिथे पहिल्या दिवशी सकाळी तानसेनच्या समाधीपाशी ढोलीबुवांची हरिकथा आणि मीलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण, होतो, तो ऐकायला आपल्यातले किती जातात, ते सोडा.

मंडळानं जे दुसरं कोणी करत नाही ते करावं. गेल्या रविवारी वर्गात तंबोरा मुका वाजत होता. गुरुजींनी घोडीवर तारेखालचा दोरा नखानं केसभर सरकवला, तार छेडली, पुन्हा सरकवला. समोरची नऊ वर्षांची पोर डोळे मिटून ऐकत होती. एकदम म्हणाली, "आता बोलला!" तिला जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस, कळली. हॉलमधल्या पंचविसाव्या रांगेत कळली असती?

जनकगंजची काकू:
तुमचं दोघांचं चालू द्या. माझी सून सागर शहरातली, हिंदी घरातली, गळा गोड. दोनदा आली, तिसऱ्यांदा नाही. निवेदन मराठीत, थट्टा मराठीत, आणि कोणी विचारलं, "या आपल्यातल्या का?" मंडळ गाण्याचं आहे की आडनावांचं, ते आधी ठरवा.

दौलतगंज_जुना:
काकू, मुलांच्या कानावर मराठी पडायची तेवढीच एक जागा उरलीय. तीही हिंदी करायची?

जनकगंजची काकू:
अरे, ज्या ख्यालांवर माना डोलावता त्यांच्या बंदिशी कुठल्या मराठीत आहेत? व्रजभाषा चालते, सून चालत नाही!

षड्जपंचम:
काकू 😄 नाट्यप्रवेश मराठीत राहू देत, बैठकीचं निवेदन दोन्ही भाषांत करू. याला खर्च शून्य.

दौलतगंज_जुना:
निवेदनाचं मान्य. काकूंच्या सुनेला पुढच्या शनिवारी घेऊन या, गाडी मी पाठवतो. पण मैफलीचं मत बदललेलं नाही. कृष्णराव पंडितांनी १९१४ मध्ये इथे विद्यालय काढलं, शिकवायचं काम तिथे होतंच. आपण श्रोते जमवावेत.

लष्करकर:
श्रोता शिकवल्याशिवाय कुठून येतो? असो. वर्गणीचं पुस्तक माझ्याकडे आहे. पाच जणांची बाकी आहे, त्यांतले तीन मोठ्या मैफलीवाले. तेवढी शनिवारपर्यंत पोचवा, पेटीचा भाता बदलून घेतो.