अंतर जास्त, तरी वेळ कमी

गुहागरच्या एका काकांनी लेकीकडे सॅन फ्रान्सिस्कोला विमानाने जायचा हिशेब मांडलाय: विमानाचा वेग ताशी 900 धरायचा, किलोमीटरला 900 ने भागलं की झाले तास. ढोबळ अंदाजाला ठीक आहे, पण लांब पल्ल्याला हा भागाकार फसतो, आणि त्याचं मोठं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे झोत वाहतात, हिवाळ्यात तर कधीकधी ताशी 200 किलोमीटरच्याही वर. ते पाठीमागून मिळाले की विमानाचा जमिनीवरून मोजलेला वेग हजारापुढे जातो, समोरून आले की आठशेच्याही खाली येतो. सीटसमोरच्या पडद्यावर नकाशा लावून ठेवा, तो आकडा बदलताना दिसतो. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पश्चिमेऐवजी पूर्वेकडे, वारा पाठीशी घेऊन न्यायला सुरुवात केली. रस्ता सुमारे 13,900 वरून 15,300 किलोमीटर झाला, आणि तरीही प्रवास जवळपास दोन तासांनी कमी झाला! येताना त्याच वाटेने आलं तर मात्र वारा समोरून लागतो, म्हणून परतीचे तास तिकिटावर वेगळे बघा.

आणि काका, पावसाळ्यात निघणार असाल तर चिपळूण ते मुंबई हे तास आधी धरा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्यांचा वेग कमी करतात, गाडीची वेळही बदललेली असू शकते. त्यात कुठे दरड आली तर बघायलाच नको. काकूंना घेऊन एवढा पल्ला गाठायचाय, तर आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामाला जा.